हसू आलं की पंधरा सेकंद मागे

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं. या वेळी आलेली बहुतेक पत्रं एकाच विषयावर आहेत: खून, प्रेत, मृत्युपत्र अशा गोष्टींवरून हसवणारी रहस्यकादंबरी ऑडिओबुक म्हणून ऐकायची कशी?

प्रश्न : छापील रहस्यकादंबऱ्या मी वर्षानुवर्षं वाचते आहे. आता पहिल्यांदाच काळ्या विनोदाची एक कादंबरी ऑडिओबुक म्हणून लावली. जिने सुचवली तिची म्हणे हसून हसून पुरेवाट झाली होती. मला चार तासांत एकदाही हसू आलं नाही. बातम्या, भाषणं, मुलाखती मी दीडपट वेगाने ऐकते, तशीच हीही ऐकते आहे. पुस्तक फसलंय की माझं काही चुकतंय?

उत्तर : पुस्तकाचा निकाल लावण्याआधी दोन गोष्टी करा. वेग पुन्हा १ वर आणा. अ‍ॅपमध्ये मधली शांतता गाळून टाकणारी सोय चालू असेल तर ती बंद करा. मग पहिलं प्रकरण नव्याने ऐका.

या जातीच्या कादंबरीतला विनोद जितका शब्दांत असतो तितकाच थांब्यांत असतो. उदाहरणासाठी रचलेली ही वाक्यं बघा :

वकिलांनी मृत्युपत्र उघडलं. तिघे भाऊ खुर्च्या ओढून पुढे सरकले. चौथा सरकला नाही. तो काल रात्रीपासूनच सरकत नव्हता.

चांगला निवेदक ‘चौथा सरकला नाही’ इथे आवाज खाली उतरवतो, जणू वाक्य संपलं. तेवढ्यात आपल्या मनात एक चित्र उभं राहतं: चौथा भाऊ मानी असेल, रुसून बसला असेल. निवेदक सेकंद-सव्वासेकंद थांबतो आणि उरलेले शब्द अगदी सपाट सुरात सांगतो, तारीख-वार सांगावेत तसे. रुसलेल्या भावाच्या जागी खुर्चीत बसलेलं प्रेत येतं. हसू फुटतं ते या अदलाबदलीला. आता हाच १.२ सेकंदांचा थांबा दीडपट वेगाला ०.८ सेकंदाचा होतो. पहिलं चित्र नीट उभं राहायच्या आत दुसरं त्यावर येऊन आदळतं. माणूस मेलाय हे तुम्हाला कळतं, गंमत तेवढी निसटते.

शांतता गाळणारी सोय तर त्याहून घातक. वेग वाढवला तर सगळे थांबे एकाच प्रमाणात आखडतात, त्यांतला लहानमोठेपणा तरी टिकतो. ही सोय मात्र ठरावीक मापाहून लांब असलेली प्रत्येक शांतता कापून एकसारखी करते. वाक्य संपल्यावरचा साधा थांबा आणि प्रेत सापडल्यानंतरचा थांबा, दोन्ही सारखेच. बातम्या ऐकताना याने काही बिघडत नाही. इथे ती चालू ठेवणं म्हणजे गाण्यातून नेमकी सम कापून टाकणं.

निवेदक खरोखरच संथ असेल तर १.१ पर्यंत जा, फार तर १.२. दहा तासांचं पुस्तक १.१ वेगाला सुमारे नऊ तास पाच मिनिटांत संपतं, दीडपट वेगाला सहा तास चाळीस मिनिटांत. त्या अडीच तासांच्या बचतीसाठी पुस्तकाचा जीव देऊ नका.

प्रश्न : हसतो भरपूर, पण शेवटी खुनी उघडा पडला की दर वेळी वाटतं, ‘हे आपल्याला सांगितलंच कधी?’ छापील पुस्तक वाचताना असं होत नाही. ऑडिओबुकात काही गाळतात का?

उत्तर : बहुधा सांगितलेलं असतं, आणि तुम्ही नेमके त्याच वाक्याला हसलेले असता.

इंग्रज रहस्यकथालेखक रोनाल्ड नॉक्स यांनी १९२९ साली रहस्यकथालेखकांसाठी दहा नियम मांडले. गुप्तहेराला सापडलेला प्रत्येक धागा वाचकापुढेही लगेच ठेवला पाहिजे, हा त्यांतला एक. प्रामाणिक लेखक तो आजही पाळतात. धागा समोर तर ठेवायचा, पण त्याच्याकडे लक्ष जाऊ द्यायचं नाही, ही लेखकाची खरी कसरत. विनोदी लेखकाला त्यासाठी एक हक्काची जागा मिळते, ती म्हणजे विनोद. हसलेला माणूस वाक्य तपासत नाही. वाक्याचं काम हसवणं होतं, ते झालं, असं धरून तो पुढे जातो.

वरच्या उत्तरातल्या त्याच घरात एक आत्याबाई आहेत असं धरा. समाचाराला आलेल्यांसमोर त्या कुरकुरतात, “या घरात कुणी वेळेवर जेवत नाही, कुणी वेळेवर मरत नाही, आणि औषधाचा मेला चमचा जागेवर सापडेल तर शपथ!” हशा येतो तो ‘मरत नाही’ला. चमचा त्या हशाखाली झाकला जातो. शिवाय ‘मेला’ हा शब्द इतका सहज आलाय की त्याच्या पुढच्या वस्तूकडे बघावंसंही वाटत नाही. आठ प्रकरणांनंतर कळतं, की विषाची मात्रा मोजायला तोच चमचा वापरला होता आणि तो जागेवर नसायचा म्हणजे कुणाच्या तरी खोलीत असायचा. छापील पानावर ते वाक्य तिथेच थांबलेलं असतं, हसून झाल्यावर डोळा पुन्हा त्यावरून फिरतो. निवेदक तुमचं हसून होईपर्यंत थांबत नाही. तुमच्याच हसण्याच्या आवाजात चमचा निघून गेलेला असतो.

म्हणून हसू आलं की पंधरा सेकंद मागे जा. बहुतेक अ‍ॅपमध्ये मागे जाण्याचं बटण दहा, पंधरा किंवा तीस सेकंदांचं करून घेता येतं. पंधरा ठेवा. तेवढ्यात दोन-तीन वाक्यं बसतात. तीस केलंत तर तेच तेच ऐकण्याचा कंटाळा येऊन तुम्ही ते बटण दाबणंच सोडून द्याल. दुसऱ्यांदा ऐकताना विनोद बाजूला ठेवा आणि वाक्यात बाकी काय उरलंय ते बघा. एखादी वस्तू, वेळ, जागा किंवा एखाद्याची सवय उरत असेल तर तिथे बुकमार्क टाका आणि त्याला एकाच शब्दाचं नाव द्या: ‘चमचा’. काहीच उरत नसेल तर तो निव्वळ विनोद, सोडून द्या. दोन-चार प्रकरणांतच कान तयार होतो आणि प्रत्येक हशाला मागे जावं लागत नाही.

धागे दडवण्याच्या आणखी तीन जागा ऐकणाऱ्याला विशेष फसवतात. तीन-चार वस्तूंच्या यादीतली मधली वस्तू. दारावरची थाप किंवा किंकाळी येण्याच्या अगदी आधीचं वाक्य. आणि ज्याच्या बडबडीला घरातलं कुणीच किंमत देत नाही, त्या पात्राची बडबड. त्या पात्राला किंमत द्या.

गाळण्याबद्दल विचारलंत म्हणून सांगतो. संक्षिप्त आवृत्ती असेल तर गाळलेलं असतंच, आणि कात्री आधी विनोदी फाट्यांवर चालते. रहस्यकादंबरी कधीही पूर्ण आवृत्तीतच घ्यावी. विवरणात तसा स्पष्ट उल्लेख असतो, आणि कालावधीवरूनही ताडता येतं. इंग्रजी ऑडिओबुकात तासाला नऊ हजारांच्या आसपास शब्द बसतात. नव्वद हजार शब्दांची कादंबरी चार तासांत उरकलेली दिसली तर निम्म्याहून अधिक मजकूर गेला असं समजा.

प्रश्न : पहिल्या तासाभरात दहा-बारा नावं येतात. सगळ्यांची सरमिसळ होते.

उत्तर : पहिली दोन प्रकरणं सलग ऐका आणि मग तीच दोन पुन्हा ऐका. हा वेळ पुढे भरून निघतो. दुसऱ्या वेळी कागद घ्या: नाव, मृताशी नातं, मृत्यूच्या वेळी कुठे होता असं सांगतो, आणि निवेदकाने त्याला दिलेली लकब. लकब जरूर लिहा. घोगरा, नाकात बोलणारा, वाक्य अर्धं सोडणारा. ऐकताना आपल्याला नावाआधी लकबच आठवते. लिहायचं ते प्रकरण संपल्यावर, ऐकता ऐकता नाही.

घराचा नकाशा, वंशावळ, पत्राची प्रत अशा गोष्टी ऑडिओबुकासोबत बऱ्याचदा वेगळ्या पीडीएफमध्ये दिलेल्या असतात. ऐकायला बसण्याआधी ती उघडून बघा. अक्षरांची उलटापालट किंवा शुद्धलेखनाची चूक हाच धागा असेल तर तो कानाला कळणं अवघड, डोळ्यांनीच बघावा लागतो.

प्रश्न : काही कादंबऱ्यांत मधूनमधून खुनी स्वतः बोलतो, पण तो कोण ते सांगत नाहीत. एकच निवेदक सगळे आवाज काढतो, मग आवाजावरून खुनी ओळखू येत नाही का? आणि मराठीत तर ‘गेलो’-‘गेले’वरूनच कळेल.

उत्तर : जाणता निवेदक खुन्याच्या मनोगताला कुठल्याच पात्राचा आवाज देत नाही. तो आपल्या निवेदनाचाच आवाज थोडा खाली आणतो, माइकच्या जरा जवळ येतो, लकबी काढून टाकतो. त्यामुळे त्या प्रकरणात कान देऊन घोगरेपणा शोधण्यात अर्थ नाही. निवेदक बाई आहे की पुरुष यावरूनही काही ठरवू नका.

मराठीबद्दलचं तुमचं निरीक्षण मात्र फार मोलाचं आहे, आणि ते पुढे नेता येतं. ‘मी खोलीत शिरलो’ किंवा ‘शिरले’ म्हटलं की लिंग उघडं पडतं. पण ‘मी दार लोटलं, मी चाकू उचलला, मी दिवा मालवला’ यांत क्रियापद कर्माप्रमाणे चालतं, बोलणारा पुरुष की बाई ते कळत नाही. ‘मी उद्या येईन’ यातही कळत नाही. म्हणून लिंग लपवायचं असेल तर लेखक, किंवा परभाषेतली कादंबरी असेल तर अनुवादक, जाणे, येणे, बसणे, शिरणे अशी क्रियापदं भूतकाळात टाळतो आणि बोलणाऱ्याच्या हातात सतत काहीतरी देत राहतो. एखाद्या मनोगतात कुणी कधी बसत नाही, उठत नाही, नुसतं उचलतं, लोटतं, पुसतं, असं जाणवलं की समजा, लिंग मुद्दाम लपवलंय. मग ज्या पात्राबद्दल ‘हे काम बाईचं नाही’ किंवा ‘पुरुष असं करणार नाही’ असं घरातले सगळे ठामपणे सांगतात, त्या पात्राकडे परत जा. एखाद्या मनोगतात मध्येच निष्काळजी ‘आले’ किंवा ‘थांबलो’ सापडलं तर तो धागा असेल किंवा अनुवादातली चूक. एकदाच आलं तर चूक धरा, दोनदा आलं तर कागदावर लिहा.

खुनी लपवायचाच नाही, अशीही एक जात आहे. आधी खून दाखवायचा आणि मग तो उघडकीला कसा येतो ते सांगायचं. रिचर्ड ऑस्टिन फ्रीमन यांनी १९१२ च्या ‘द सिंगिंग बोन’ या संग्रहात ही उलटी रचना वापरली. फ्रान्सिस आइल्स या टोपणनावाने १९३१ मध्ये आलेल्या ‘मॅलिस अफोरथॉट’मध्ये तर नायकाने बायकोला मारायचं ठरवलंय हे पहिल्याच वाक्यात सांगून टाकलंय. काळ्या विनोदाला ही रचना फार मानवते, आणि ऑडिओबुकाला त्याहून अधिक. खुनाचा बेत आखणारं डोकं अत्यंत समंजस, कुरकुरत्या, घरगुती सुरात थेट आपल्या कानात बोलतं आणि आपण माना डोलावत ऐकत राहतो. ऑडिओबुकांची सुरुवात करायची असेल तर अशा कादंबरीने करा. नावं लक्षात ठेवायचा ताण कमी, आणि निवेदकाचं कसब पूर्ण दिसतं.

प्रश्न : एक निवेदक असलेलं घ्यावं की अनेक कलाकारांचं? नमुना ऐकून काय ठरवायचं?

उत्तर : काळ्या विनोदासाठी एकच निवेदक घ्यावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. गंमत संवादांत असतेच, पण त्याहून अधिक ती दोन संवादांच्या मधल्या वर्णनात असते. वर्णन करणारा आणि बोलणारा एकच असला की तो एका पात्राच्या तोंडून खोटं बोलतो आणि पुढच्या क्षणी तितक्याच शांतपणे ते उघडं पाडतो. अनेक कलाकार आले की संवाद रंगतात, वर्णन मात्र दोन प्रवेशांमधल्या सूचनेसारखं होतं. पार्श्वसंगीत असेल तर जरा सावध राहा. ‘आता हसा’ असं सांगणारं संगीत असेल तर थांब्यातली शांतता आधीच भरून गेलेली असते.

नमुना साधारण पाच मिनिटांचा असतो. तो हेडफोन लावून ऐका, फोनच्या स्पीकरवर नको. निवेदक स्वतः हसतोय का, ते बघा. ओठ ताणले की स्वर उजळतो, ते लगेच ऐकू येतं. विनोदी वाक्य सांगताना त्याचा स्वर उजळत असेल तर तो दहा तास प्रत्येक गमतीवर बोट ठेवून दाखवणार. वाक्याच्या शेवटी आवाज विझून शब्द गिळले जातात का, तेही बघा, कारण अशा वाक्यातला मारा बहुधा शेवटच्या दोन शब्दांत असतो. आणि नमुन्यात तीन पात्रं बोलत असतील तर ‘तो म्हणाला’ कानाआड करूनही ती वेगळी कळतात का? कळत नसतील तर तीच कादंबरी छापील वाचा.

प्रश्न : भांडी घासताना, चालताना, गाडी चालवताना, झोपताना, सगळीकडे ऐकतो. तरी अर्धं डोक्यावरून जातं.

उत्तर : हात गुंतलेले आणि शब्द मोकळे, अशी कामं निवडा. भांडी, घड्या, झाडलोट, रोजच्या वाटेवरचं चालणं यांत लक्ष छान टिकतं. मेसेज वाचणं, अर्ज भरणं, हिशेब करणं यांत टिकत नाही. एका वेळी शब्दांचा एकच प्रवाह नीट समजतो, दुसरा नुसता आवाज होऊन जातो. गाडी चालवताना ओळखीच्या रस्त्यावर ऐकायला हरकत नाही, पण बुकमार्क आणि मागे जाणं गाडी थांबल्यावर. अनोळखी रस्ता असेल तर ऑडिओबुक बंद. प्रत्येक वळणावर दोन वाक्यं हरवतात आणि रस्त्यावरचं लक्षही.

झोपताना स्लीप टायमर, म्हणजे ठरल्या वेळी ऐकणं आपोआप बंद करणारी सोय, लावणं आलंच. तो मिनिटांवर न लावता ‘प्रकरण संपेपर्यंत’ लावा. झोप लागलीच तरी सकाळी कुठून सुरू करायचं ते नक्की असतं: त्याच प्रकरणाच्या सुरुवातीपासून. तरीही रात्रीसाठी एकदा ऐकून झालेली कादंबरी ठेवणं उत्तम. नव्या कादंबरीत झोपेत गेलेली वीस मिनिटं नेमकी चौकशीची असतात.

शेवटचा दहावा भाग मात्र कुठल्याही कामासोबत ऐकू नका. दहा तासांच्या पुस्तकातला शेवटचा तास म्हणजे उलगडा. सगळे बुकमार्क एकेक करून तिथे वसूल होतात. तो एका बैठकीत ऐका. त्याआधी पंधरा मिनिटं बुकमार्कांची यादी चाळा आणि आपला संशयित कागदावर लिहून ठेवा, कारणासकट. घरात दोघं-तिघं मिळून ऐकत असाल तर प्रत्येकाने वेगळ्या चिठ्ठीवर लिहावं आणि मगच पुढचं लावावं. मोठ्याने चर्चा झाली की सगळे एकाच नावावर येतात.

प्रश्न : निवेदक हळू बोलला की ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवते, मग कुणी किंचाळलं की दचकते. कानांना त्रास होईल का?

उत्तर : जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसांनी आठवड्याला ८० डेसिबलला ४० तासांपर्यंत ऐकावं. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८३ ला २० तास, ८६ ला १० तास. म्हणजे ८६ डेसिबलला दहा तासांची एकच कादंबरी ऐकलीत की आठवड्याचा वाटा संपला. बऱ्याच फोनमध्ये हेडफोनच्या आवाजाची नोंद असते, ती एकदा बघून घ्या.

आवाज वाढवण्याआधी बाहेरचा गोंगाट कमी करा. इअरफोनची रबरी टोपी कानाच्या मापाची नसेल तर बाहेरचं सगळं आत येतं. सोबत तीन आकार येतात, तिन्ही लावून बघा. दोन्ही कानांना वेगळा आकार लागू शकतो. नॉइज कॅन्सलिंग असेल तर पंखा, इंजिन यांची सततची घरघर त्याने जाते. इक्वलायझरमध्ये, म्हणजे जाड-बारीक स्वरांचं प्रमाण बदलायच्या सोयीत, १५० हर्ट्झच्या खालचा भाग थोडा कमी करा आणि २ ते ४ किलोहर्ट्झ थोडा वाढवा. व्यंजनं स्पष्ट होतात आणि आवाज न वाढवता शब्द कळतात. एकाच कानात लावून ऐकत असाल तर फोनमध्ये मोनो चालू करा, म्हणजे डाव्या-उजव्या बाजूचा आवाज एकत्र होऊन त्याच कानात येतो.

काही ब्लूटूथ इअरफोन थांबवून पुन्हा लावल्यावर पहिलं अक्षर-दोन अक्षरं खातात. ‘न’ किंवा ‘अ’ गेला तर वाक्याचा अर्थच फिरतो! पुन्हा लावताना आपोआप दोन-पाच सेकंद मागे जाण्याची सोय चालू ठेवा.

प्रश्न : आईची दृष्टी जवळजवळ गेली आहे. तिला रहस्यकथांची अतोनात आवड. काळ्या विनोदाची एक चांगली कादंबरी तिला ऐकवावी असं वाटतं, पण घरात अलीकडेच एक मृत्यू झाला आहे. मरणावर हसणं तिला लागेल का?

उत्तर : बोलत्या पुस्तकांचा जन्मच अशा वाचकांसाठी झाला. ब्रिटनमध्ये अंधांसाठीची बोलती पुस्तकं १९३५ साली सुरू झाली, आणि पहिल्या दोन पुस्तकांतलं एक रहस्यकादंबरीच होतं: अ‍ॅगाथा ख्रिस्ती यांचं ‘द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड’. तबकडीच्या एका बाजूला २५ मिनिटं मावायची आणि एका कादंबरीला साधारण दहा तबकड्या लागायच्या. दर २५ मिनिटांनी उठून तबकडी उलटायची आणि तरीही खुनी शोधायचा, इतकी ओढ होती.

लागेल की नाही हे विनोद कुणावर आहे त्यावर ठरतं. चांगली काळी विनोदी कादंबरी मेलेल्याला हसत नाही, उरलेल्यांना हसते. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणारे, मेल्या म्हशीला मणभर दूध सांगणारे, यांना ती उघडं पाडते. या म्हणी आपल्याच भाषेत आहेत, आईला त्या तोंडपाठ असतील. पण दुःख ताजं असेल तर अंत्यविधीचे, आजारपणाचे, रुग्णालयाचे प्रसंग असलेलं पुस्तक आत्ता नको. आधी तुम्ही स्वतः पहिला तासभर ऐका. मरण कशाने आलंय आणि ते किती जवळून दाखवलंय ते बघा, आणि आईला स्पष्ट सांगून विचारा: “यात मरणावरून हसवलंय, लावू का?” त्या नको म्हणाल्या तर साधी रहस्यकथा लावा. हो म्हणाल्या तर पहिल्या वेळी सोबत बसा.

वेग १ किंवा ०.९ ठेवा. मागे जाणं आणि थांबवणं, ही दोनच बटणं हाताला लागतील अशी सोय करा. फोनच्या काचेवर बोटाला काही जाणवत नाही, म्हणून खऱ्या बटणांचा स्पीकर किंवा हेडफोन घ्या, आणि मागे जाण्याच्या बटणावर उंचवट्याचा छोटा ठिपका चिकटवा. कागदाच्या जागी तुम्ही. रोज लावण्याआधी मागच्या भागातली तीन नावं आणि एक प्रसंग त्यांनाच सांगायला लावा.

प्रश्न : आमच्या गटातल्या एकाने अशी कथा लिहिली आहे. त्याच्या परवानगीने मी ती वाचून रेकॉर्ड करणार आहे. सपाट सुरात वाचलं की कंटाळवाणं होतं, रंगवून वाचलं की विनोद मरतो.

उत्तर : सपाट म्हणजे निर्जीव नव्हे. सांगणाऱ्याला या घटनेत काहीच वावगं वाटत नाही, असा तो सूर आहे. वाचण्याआधी प्रत्येक विनोदी वाक्याखाली लिहा की सांगणाऱ्याला यात काय महत्त्वाचं वाटतंय. गालिच्यावर रक्त सांडलंय आणि घरमालकिणीला गालिच्याची काळजी आहे, तर वाचताना तुम्हीही मनापासून गालिच्याचीच काळजी करा. ती काळजी खरी असली की सूर आपोआप जिवंत राहतो आणि विनोदही वाचतो.

कागदावर थांबे खुणेने मांडा. एक उभी रेघ म्हणजे श्वासाएवढा, दोन रेघा म्हणजे सेकंदभर. दोन रेघा पानात एक-दोनदाच. जास्त वेळा आल्या तर ऐकणारा विनोदाची वाट बघू लागतो, आणि वाट बघणाऱ्याला धक्का बसत नाही. मारा करणारा शब्द वाक्याच्या शेवटी नसेल तर लेखकाला विचारून शेवटी न्या.

माइक तोंडापासून १५ ते २० सेंटिमीटरवर, किंचित तिरका, म्हणजे प-फ-भ चे फुत्कार थेट आत जात नाहीत. कपड्यांनी भरलेलं उघडं कपाट समोर ठेवून वाचलंत तर घुमणं बरंच कमी होतं. पंखा बंद. सुरुवातीला खोलीची नुसती शांतता अर्धा मिनिट रेकॉर्ड करून ठेवा. थांबा वाढवायचा झाला तर ती शांतता तिथे भरता येते. निव्वळ मुकेपणा भरलात तर कानाला खड्डा जाणवतो. रेकॉर्डिंगच्या मापावर ० ही कमाल पातळी असते, म्हणून इथले आकडे उणे येतात: आवाजाचं सर्वांत उंच टोक -३ डेसिबलच्या खाली राहू द्या, सरासरी -२३ ते -१८ च्या दरम्यान आणि खोलीची घरघर -६० च्या खाली. ऑडिओबुकांसाठी ही मापं सर्रास वापरतात. चूक झाली की टिचकी वाजवा आणि वाक्याच्या सुरुवातीपासून पुन्हा वाचा. संपादन करताना टिचकीचं टोक पडद्यावर लगेच दिसतं. एका तयार तासामागे चार ते सहा तासांचं काम धरा. आणि संपादन करताना एक चूक हमखास होते: श्वास आणि शांतता कापण्याच्या नादात दोन रेघांचा थांबाही कापला जातो. कागद समोर ठेवूनच कापा.

प्रश्न : खुनी कळल्यावर तीच कादंबरी पुन्हा ऐकण्यात काय राहिलं?

उत्तर : खुनी. पहिल्या वेळी तुम्ही त्याचं एकही वाक्य तो खुनी आहे हे माहीत असताना ऐकलेलं नसतं. दुसऱ्यांदा फक्त त्याचे संवाद असलेली प्रकरणं बुकमार्कांवरून लावा आणि निवेदकाने ती कशी वाचली आहेत ते ऐका. त्याला सगळं आधीपासून माहीत होतं. चांगला निवेदक एखाद्या ठिकाणी, बहुधा सगळे हसत असताना, खुन्याला पाव सेकंद उशिरा हसवतो.